विषबाधेनंतर आयसीयूतून घरी आल्यावर : पुढची काळजी, तपासण्या, अनुभव

अनघा_कराड

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाने जाणूनबुजून गोळ्या घेतल्या होत्या. कोणत्या, किती, का, हे इथे लिहिणार नाही, कृपया कुणी विचारूही नये. तो वाचला, हे महत्त्वाचं. बराच काळ व्हेंटिलेटरवर होता. बेशुद्धावस्थेत एकाच कुशीवर पडून राहिल्यामुळे स्नायूंना मार बसला, त्यातून मूत्रपिंडं बंद पडली आणि डायलिसिस करावं लागलं. आता लघवी व्यवस्थित होते, डायलिसिस थांबलंय, मागच्या आठवड्यात घरी आणलं.

तो जगावा एवढंच इतके दिवस डोळ्यांसमोर होतं. पुढचा विचार कुणी केलाच नव्हता. डिस्चार्ज कार्डावर नेफ्रॉलॉजिस्ट (मूत्रपिंडाचे डॉक्टर), छातीचे डॉक्टर, फिजिओ आणि मानसोपचार अशा वेगवेगळ्या ओपीडींच्या तारखा आहेत. प्रत्येक जण आपापलं बघतो. उजवं पाऊल वर उचलत नाही, चालताना घासतं. आवाज घोगरा झालाय. मधेच काय बोलत होतो ते विसरतो. आई रात्रभर त्याच्या खोलीबाहेर बसते. नातेवाईक "आता बरा आहे ना, मग झालं" म्हणतात.

ज्यांनी यातून कुणाला बाहेर काढलंय किंवा जे स्वतः बाहेर आलेत, त्यांच्याकडून ऐकायचंय. घरी आल्यावर नेमकं काय सांभाळायचं? किती काळ?

---

ग्रामीण_फिजिशियन

अनघाताई, तालुक्याच्या ठिकाणी मी असे पेशंट नेहमी बघतो. घरी आल्यानंतरच्या काळाबद्दल विचारणारे नातेवाईक मात्र कमी भेटतात.

मूत्रपिंडापासून सुरुवात करतो. स्नायू चिरडले की त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात येतं आणि मूत्रपिंडाच्या नलिका खराब करतं. बहुतेक तरुण पेशंटांची मूत्रपिंडं काही आठवड्यांत सावरतात. पण लघवी होते म्हणजे काम पूर्ण सुधारलं, असं नाही. क्रिएटिनिन (मूत्रपिंड किती काम करतंय ते दाखवणारी रक्ताची तपासणी) आणि पोटॅशियम सुरुवातीला नेफ्रॉलॉजिस्ट सांगतील त्या अंतराने करा. तीन महिन्यांनी मात्र क्रिएटिनिन, लघवीतलं प्रथिन आणि रक्तदाब हे सगळं पुन्हा बघायचंच. तेव्हा जे उरलेलं असेल ते दीर्घकाळचं समजायचं. पाय दुखतो, पाठ दुखते म्हणून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांतलं काही मनाने द्यायचं नाही. भस्म, काढे, ताकदीची पावडर तर नकोच. घरात सगळे प्रेमापोटीच देतात, आणि सावरत आलेलं मूत्रपिंड पुन्हा बसतं.

घोगरा आवाज व्हेंटिलेटरसाठी घशातून घातलेल्या नळीमुळे असू शकतो, बहुधा हळूहळू सुधारतो. पण एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. श्वासनलिकेत बरेच दिवस नळी होती की काही जणांची श्वासनलिकाच तिथला व्रण भरताना अरुंद होते. हे आठवड्यांनी, कधी महिन्यांनी कळतं. जिना चढताना धाप, श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज. अनेकदा दमा समजून पंप दिला जातो आणि फरक पडत नाही. असं झालं तर थेट कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा आणि पहिलं वाक्य हेच सांगा की पेशंट व्हेंटिलेटरवर होता.

विसराळूपणाबद्दल. आयसीयूतून आलेल्या बऱ्याच पेशंटांना काही महिने लक्ष लागत नाही, शब्द सापडत नाहीत, झोप बिघडते. ते सुधारत जातं. मात्र काही आठवडे छान गेल्यावर अचानक वागणं बदललं, चाल अडखळली, अंग ताठ झालं, कपड्यात लघवी व्हायला लागली, तर मानसिक असेल म्हणून घरी थांबू नका. मेंदूला ऑक्सिजन कमी पडल्याचा परिणाम क्वचित असा उशिरा दिसतो. एमआरआय लागतो.

यकृताचं तुम्ही काही लिहिलं नाहीत म्हणून फक्त इतकंच सांगतो. काही गोळ्यांनी यकृताला इजा होते, पण पहिल्या दिवशी माणूस ठणठणीत दिसतो. हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी असा प्रसंग आला, तर "उलटी झाली, आता बरा आहे" यावर विसंबू नका. त्याच क्षणी दवाखान्यात न्या, रिकामी पाकिटं सोबत घ्या. उतारा वेळेत मिळाला तर यकृत बहुतेक वेळा पूर्ण भरून येतं.

---

सांगली_फिजिओ

पावलाबद्दल मी लिहिते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाच्या उंचवट्यावरून एक नस जाते, ती अगदी कातडीखालीच असते. माणूस तासन्‌तास एका कुशीवर पडला की ती दाबली जाते आणि पाऊल वर उचलणारे स्नायू थंडावतात. नसेचं फक्त आवरण दुखावलं असेल तर काही आठवड्यांत ताकद येते. आतले तंतू तुटले असतील तर ते रोज साधारण १ मिलिमीटर या वेगाने वाढतात, म्हणजे महिन्याला जेमतेम इंचभर. कोणत्या प्रकारची इजा आहे ते नसांच्या तपासणीत कळतं.

तोवर तीन गोष्टी. पोटरी आखडू द्यायची नाही, म्हणजे टाचेचा ताण रोज, दिवसातून अनेकदा. नस परत आली आणि घोटा आखडलेला राहिला तर उपयोग नाही. चालताना पाऊल धरून ठेवणारा प्लास्टिकचा स्प्लिंट वापरायचा, तो बुटात बसतो. आणि पावलाच्या वरच्या भागाला बधिरपणा असेल तर रोज रात्री पाय बघायचा, फोड येतो आणि कळत नाही. पाय दुमडून, मांडी घालून बराच वेळ बसणं सध्या टाळा, तीच नस पुन्हा दाबली जाते.

अजून एक. हे रुग्ण व्यायाम "विसरतात". आळस म्हणून रागावू नका. जगायचंच नव्हतं त्या माणसाला आपण घोटा हलवायला सांगतोय, हे मी स्वतःला प्रत्येक वेळी आठवते. माझ्याकडच्या एकाने पहिले पंधरा दिवस एक शब्दही न बोलता व्यायाम केला. मी येत राहिले, तो करत राहिला.

---

गावकडचा_काका

ताई, मुलगा वाचला, देवाची कृपा. माझं मत, त्याला नोकरी सोडायला लावा, गावी ठेवा, आणि चांगलं स्थळ बघून लग्न करून द्या. जबाबदारी आली की माणूस स्थिरावतो. हॉस्पिटलच्या चकरांनी त्याच्या मनातून ते जाणार नाही.

---

पुनर्वसू_७

काका, तुमच्या मनात काळजी आहे हे कळतं, पण याला मी विरोध करतो. मी स्वतः यातून आलोय, म्हणून लिहितो. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट, आयसीयू, व्हेंटिलेटर सगळं.

घरी आल्यावर माझ्याही लग्नाची बोलणी सुरू झाली. आजार कुणी बघितलाच नाही. ज्या मुलीशी लग्न होणार तिला हे सांगायचं नाही, असंही ठरलं होतं. माझ्या मामाने ते थांबवलं. तो म्हणाला, आधी याला झोप लागू दे.

अनघाताई, भावाला कदाचित आयसीयूतलं विचित्र काही आठवत असेल. मला भिंतीतून माणसं येताना दिसायची, सिस्टर मला विकायला नेताहेत असं वाटायचं. घरी आल्यावरही ते खरंच घडलं असं वाटत राहिलं, आणि वेडा ठरवतील म्हणून कुणाला बोललो नाही. ते औषधांमुळे आणि आजारामुळे होणारं भ्रमाचं दुखणं होतं, हे फार उशिरा कळलं. त्याला विचारा. त्या दिवसांत खरं काय काय घडलं, कोण भेटायला आलं, नळी कधी काढली, हे तारखांसकट एका वहीत लिहून द्या. त्याच्या आयुष्यातले ते दिवस त्याच्याकडे नाहीत.

दोन-तीन महिन्यांनी केस मूठ-मूठ गळतील. मोठ्या आजारानंतर होतं, परत येतात. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी घाबरलो होतो.

सगळ्यात अवघड गेलं ते लोकांचं बघणं. बाथरूमची कडी काढून टाकली होती. ते बरोबरच होतं, पण मला ते सांगून केलं असतं तर सोपं गेलं असतं. मामा मात्र दर रविवारी फोन करायचा. का केलंस, असं त्याने कधी विचारलं नाही. झोप कशी आहे, जेवण जातंय का, आणि मग सरळ, "तसे विचार येतात का अजून?" कधी येतात म्हणायचो, कधी नाही. येतात म्हटलं तर तो घाबरायचा नाही, गाडी काढून यायचा. ज्या माणसापुढे खरं बोलता येतं असा एक तरी माणूस मिळाला म्हणून मी आज हे लिहितोय.

---

ग्रामीण_फिजिशियन

पुनर्वसू यांच्या मामांनी जे केलं त्याला वैद्यकात मोठा आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ देशांत असा अभ्यास केला होता, त्यात आपलं चेन्नई होतं, शिवाय कोलंबो, आणि ब्राझील, इराण, चीनमधली एकेक जागा. असा प्रयत्न करून दवाखान्यात आलेले १,८६७ लोक. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना त्याशिवाय घरी जाताना तासभर बसून नीट समजावलं आणि पुढच्या १८ महिन्यांत ९ वेळा फोन किंवा प्रत्यक्ष भेट, कसे आहात एवढंच विचारायला. २००८ साली निष्कर्ष आले. नेहमीच्या उपचारांच्या गटात २.२ टक्के लोक पुढे आत्महत्येने गेले, संपर्क ठेवलेल्या गटात ०.२ टक्के. यासाठी ना महागडं यंत्र लागलं, ना नवं औषध.

घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे आणि महिने सर्वांत जोखमीचे असतात, आणि नेमकं तेव्हाच भेटायला येणारे थांबतात. काका, गावी ठेवण्यात गैर काही नाही, पण तिथे मानसोपचार ओपीडी गाठता आली पाहिजे. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. पुण्यात कनेक्टिंग ट्रस्ट ही संस्था याच विषयावर काम करते.

आणि विचारल्याने मनात नसलेलं येतं ही भीती काढून टाका. सरळ विचारल्याने धोका वाढत नाही, मोकळं वाटतं.

---

गावकडचा_काका

पुनर्वसू, तुमचं वाचलं. पटलं. लग्नाचं मी मागे घेतो.

---

अनघा_कराड

सगळ्यांचे आभार. पुनर्वसू, तुमचं लिहिणं मी दोनदा वाचलं आणि आईला वाचून दाखवलं. वही सुरू केली आहे. त्याने पहिल्यांदा स्वतःहून विचारलं, "मला कोणी आणलं हॉस्पिटलमध्ये?"

दोन प्रश्न. हॉस्पिटलमध्ये पोलीस जबाब घ्यायला आले होते, तेव्हापासून बाबा घाबरलेत की केस होईल, नोकरी जाईल. आणि घरात औषधं ठेवायची कशी? मानसोपचाराच्या गोळ्या महिनाभराच्या लिहून दिल्या आहेत. पाकीट हातात घेताना आईचे हात थरथरतात.

---

ॲड_मृणाल

बाबांना सांगा, घाबरू नका. विषबाधेच्या केसमध्ये हॉस्पिटल एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर केस) नोंदवतं आणि पोलिसांना कळवतं, ती कामाची पद्धत आहे. कुणी दुसऱ्याने विष दिलं का, छळ होता का, हे बघणं पोलिसांचं काम. मानसिक आरोग्य काळजी कायदा २०१७, जो २९ मे २०१८ पासून लागू आहे, त्याचं कलम ११५ सांगतं की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायचं आणि तिच्यावर खटला चालवायचा नाही. त्याच कलमात सरकारवर जबाबदारी टाकलीये की अशा व्यक्तीला काळजी, उपचार आणि पुनर्वसन मिळालं पाहिजे, म्हणजे पुन्हा तसं होण्याचा धोका कमी होईल. असा प्रयत्न हाच गुन्हा ठरवणारं जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०९ होतं, ते १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्या रूपात राहिलेलंच नाही. आता फक्त सरकारी नोकराला त्याच्या कामाबाबत काही करायला भाग पाडण्यासाठी किंवा त्या कामापासून रोखण्यासाठी असा प्रयत्न केला, तर तो गुन्हा आहे. तुमच्या भावाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

नोकरीबद्दल : मानसिक आजाराच्या उपचारांबाबत गोपनीयतेचा हक्क याच कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे. रजेसाठीच्या प्रमाणपत्रात किती लिहायचं हे डॉक्टरांशी आधी बोला. "मूत्रपिंडाचा तीव्र आजार, अतिदक्षता विभागात उपचार" हेही खरंच आहे. विम्याची कागदपत्रं मात्र कुणाकडून तरी नीट वाचून घ्या. मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यावं असं कायदा म्हणतो, पण स्वतःहून करून घेतलेल्या इजेचं वेगळं कलम बऱ्याच पॉलिसींत असतं. दाव्यात खोटं कारण लिहू नका.

---

लीड्सकर

मी इंग्लंडमध्ये हॉस्पिटल फार्मसिस्ट आहे, मूळ साताऱ्याची. औषधांबद्दल माझं ठाम मत आहे.

महिन्याच्या गोळ्या एकदम घेऊ नका. डॉक्टरांना सांगून आठवड्याच्याच घ्या, दुकानदाराला पट्टी कापून द्यायला सांगा. आपल्याकडे हे इथल्यापेक्षा सोपं आहे. गोळ्या घरातल्या एकाच माणसाकडे, कुलपात ठेवा. आजीच्या साखरेच्या, बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, फडताळातल्या जुन्या तापाच्या पट्ट्या, शेतीची औषधं, सगळं त्यात आलं. शेतीची औषधं तर घरात नकोतच.

हे सगळं त्याच्याशी बोलून करा. लपवाछपवी नको. याचं कारण त्यालाही पटतं. तो तीव्र क्षण बहुधा थोड्या वेळात ओसरतो, आणि त्या वेळात हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो. ब्रिटनमध्ये १९९८ साली पॅरासिटामॉलची पाकिटं लहान केली आणि त्या गोळ्यांनी होणारे मृत्यू घटले. श्रीलंकेत सर्वांत विषारी कीटकनाशकांवर बंदी आली, तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण पुढच्या वर्षांत कितीतरी खाली आलं.

नैराश्याच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला अस्वस्थता, बेचैनी वाढली, झोप उडाली तर तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. बरं वाटलं म्हणून मधेच बंद करू नका. आणि मानसोपचारतज्ज्ञांना त्याचं ताजं क्रिएटिनिन दाखवा. काही औषधांचा डोस मूत्रपिंडाप्रमाणे ठरतो, आणि हे दोन विभाग आपापसात बोलले असतील असं गृहीत धरू नका.

---

सिस्टर_वंदना

लीड्सकर यांच्या शेवटच्या वाक्यावरून. आयसीयूत मी बरीच वर्षं काढली. घरातल्या एकाच माणसाने फाईल सांभाळावी. पहिल्या पानावर काय झालं, व्हेंटिलेटर किती दिवस, डायलिसिस कधी थांबलं, सध्याच्या गोळ्या, कुठली औषधं चालत नाहीत, एवढं एकत्र लिहा, आणि प्रत्येक ओपीडीत तेच पान पुढे करा. डॉक्टर बदलतात, निवासी डॉक्टर तर सारखे बदलतात, पान बदलत नाही. खर्चाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, पुढच्या उपचारांतलं काय बसतं ते तिथे विचारा.

आईंसाठी. रात्री पाळी लावा. आई किती दिवस जागणार? आईची झोप हासुद्धा उपचाराचा भाग धरा. आणि मानसोपचाराच्या ओपीडीत एकदा आईंनाही बोलू द्या.

समुपदेशकाला सांगून भावाचा एक लेखी बेत तयार करून घ्या. मन बिघडायला लागलं की आधी काय जाणवतं, एकट्याने काय केलं की बरं वाटतं, कुणाकडे जाऊन बसता येतं, कुणाला खरं सांगता येतं, कुठल्या डॉक्टरला फोन करायचा. ते त्याच्या शब्दांत, त्याच्या अक्षरात हवं. आपण लिहून दिलेलं उपयोगी पडत नाही.

---

अनघा_कराड (काही महिन्यांनंतर)

बऱ्याच जणांनी विपूमध्ये (विचारपुशीत, म्हणजे सभासदाला थेट निरोप लिहायच्या जागी) विचारलं म्हणून लिहिते.

तीन महिन्यांची तपासणी झाली. क्रिएटिनिन नॉर्मलच्या आत आलंय. लघवीत प्रथिन थोडं आहे, त्यासाठी नेफ्रॉलॉजिस्टनी पुन्हा बोलावलंय, रक्तदाब घरी मोजतो. पाऊल अजून पूर्ण उचलत नाही, अंगठा मात्र हलायला लागलाय. स्प्लिंट घालून बाजारात जाऊन येतो. केस गळले, पुनर्वसूंनी सांगून ठेवल्यामुळे कुणी घाबरलं नाही.

मधे एक वाईट आठवडा आला. गोळ्या नकोत म्हणाला, बोलणं बंद केलं. आईनेच विचारलं, सरळ. तो हो म्हणाला. त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलो, औषध बदललं, समुपदेशन आठवड्यातून दोनदा झालं. आधीची आई असती तर रडत देवापुढे बसली असती.

नोकरीवर अर्धा वेळ जातोय. पुनर्वसू, तुमच्याशी बोलायचंय म्हणतो. चालेल का?

---

पुनर्वसू_७

चालेल. विपूत नंबर देतो. रविवारी मोकळा असतो.

---

रेवा_नगर

हा धागा शोधत आले. माझ्या मावसबहिणीला असंच होऊन महिना-दीड महिना झाला, नळी होती घशात. आठवडाभर श्वास घेताना आवाज येतो, जिना चढवत नाही. दम्याचा पंप दिलाय, काही फरक नाही. पुढची ओपीडी पंधरा दिवसांनी आहे. थांबावं का?

---

ग्रामीण_फिजिशियन

रेवाताई, थांबू नका. उद्या सकाळीच मोठ्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात न्या, व्हेंटिलेटरची नोंद असलेलं डिस्चार्ज कार्ड सोबत ठेवा आणि दुर्बिणीने श्वासनलिका बघायला सांगा. वेळेत सापडलं तर ती रुंद करता येते. आज रात्रीत बसल्या जागी धाप लागली, श्वास घेताना गळ्याचा खड्डा आत ओढला जायला लागला किंवा ओठ निळसर दिसले, तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करून थेट अपघात विभागात जा. आणि वाटेत तिला एकटीला मागे बसवू नका, कुणीतरी शेजारी बसा.